ताईची केळवणं आणि माझे साठ किलो

माझं वजन हा एका हिवाळ्यात आमच्या अख्ख्या घराचा विषय झाला होता, असं सांगितलं की माझी सून हसते. आता माझं पोट माझ्या आधी दारातून आत येतं, त्यामुळे तिचंही काही चुकत नाही. पण तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि कुंभिवलीच्या उत्सवात होणाऱ्या शरीरसौष्ठव स्पर्धेत साठ किलोच्या गटात उभं राहायचं, एवढं एकच वेड डोक्यात होतं. काटा साठच्या वर गेला की पुढच्या गटात ढकलायचे, आणि पुढच्या गटात खोपोली-पनवेलकडची अशी पोरं यायची की त्यांचा दंड आणि माझी मांडी शेजारी ठेवली तर माझ्या मांडीनं लाजावं. साठमध्ये मात्र मला खरोखर आशा होती. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, सुनंदाताईचं लग्न ठरलं. सासर मिळालं तेही कुंभिवलीचंच.

बाबांना ही स्पर्धा पहिल्यापासून पसंत नव्हती. शरीर कमवायला घराबाहेर जावं लागतं, हेच त्यांना पटत नसे. "खळ्यातली पोती माळ्यावर चढव, शरीर काय कुठं पळून जातंय?" असं ते म्हणत, आणि माझ्याकडून पोती चढवूनही घेत. व्याह्यांच्या गावात पोरगा चड्डीवर उभा राहणार हे कळल्यावर तर ते चार दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. शेवटी ताईनंच त्यांना वळवलं. कळंबजवळच्या आमच्या घरात बाबा कुणाचं ऐकत असतील तर तिचं. सातवीनंतर शाळा सोडून तिनं आईच्या बरोबरीनं घर, गोठा आणि वालाची शेती सांभाळली होती, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनाला कुठल्या गटाची मर्यादा नव्हती.

मला एकट्याला गाठून ती म्हणाली, "येशा, तुला खरं सांगू का? माझ्या सासरच्या गावात माझा भाऊ गळ्यात हार घालून उभा राहिला पायजे. मग बघते, सासू कशी तोंड वर करून बोलते ती." सासू बिचारी अजून एक शब्दही बोललेली नव्हती, पण ताईची तयारी आधीपासून असे. तर असं होतं. बक्षीस मला हवं होतं आणि ताईला माझ्याहून जास्त हवं होतं.

माझे गुरू रशीदभाई. कर्जतच्या बाजारामागे त्यांचा अंड्यांचा धंदा होता आणि गोदामाच्या मागच्या खोलीत त्यांनी व्यायामशाळा काढली होती. मी दिवसभर कर्जतलाच एका सायकलच्या दुकानात काम करायचो आणि संध्याकाळी तिकडे जायचो. एका भिंतीला अंड्यांचे ट्रे छतापर्यंत रचलेले, दुसऱ्या भिंतीला लोखंड. वजन खाली ठेवताना आवाज झाला की पलीकडून रशीदभाई ओरडायचे, "आरं हळू, माल हाय!" आरसा म्हणजे कुणाच्या तरी मोडक्या कपाटाचं दार. त्यात एका वेळी अर्धाच माणूस दिसे, त्यामुळे आम्ही सगळे उजव्या अंगानं देखणे होतो आणि डाव्या अंगाची कुणालाच खात्री नव्हती. फुटकी अंडी आमच्या वाट्याला यायची. माझा नातू आता ज्या जिममध्ये जातो तिथं थंड हवा आहे, गाणी आहेत, चारी बाजूंनी आरसे आहेत आणि कसल्या कसल्या पावडरींचे डबे रांगेनं मांडलेले आहेत. मी एकदा जाऊन पाहिलं. सगळं छान आहे, पण अंड्यांचा वास नाही, म्हणून मला तिथं व्यायाम चालला आहे असं वाटेचना.

स्पर्धा जवळ आली तसे रशीदभाई म्हणाले, "आता मीठ बंद. मीठ पाणी धरून ठेवतं. तुझी चामडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली पायजे, आतलं सगळं दिसलं पायजे." मी घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून माझं जेवण अळणी. आई काही बोलायच्या आत माजघरातून आत्याचा आवाज आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली आणि तेव्हापासून घरातल्या शकुन-अपशकुनांचा सगळा कारभार तिच्याकडे. "अळणी? लग्नघरात? आरं मेल्या, सुतकात शिजवतात अळणी! कोण मेलंय तुझं? माझ्या सुनंदेची हळद लागंपर्यंत या चुलीवर बिनमिठाचं भांडं चढणार नाय." तिचं चूकही नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की घरभर अळणी शिजतं, त्यामुळे बिनमिठाच्या भाताचा वास म्हणजे मरणाचा वास असं आम्हा सगळ्यांच्याच मनात बसलेलं.

ताई भाकरी थापत होती, ती मान वर न करता म्हणाली, "आत्या, सुतकात अख्खं घर अळणी खातं. एकट्यानं खाल्लं तर ते पथ्य. तुमी नाय का कावीळ झाली तवा खाल्लंत?" आत्या विचारात पडली. कावीळ तिला झालेली होती आणि पथ्य तिनं मोडलेलं होतं, हे ताईला ठाऊक होतं, पण तो विषय तिनं काढला नाही. शेवटी तोड निघाली. घरातल्या चुलीवर नाही, मागच्या दारी पेंढ्याच्या उडवीपासून लांब तीन दगड मांडायचे आणि त्यावर माझं शिजवायचं. दुसऱ्या दिवसापासून ताई रोज सकाळी त्या तीन दगडांवर माझं कोंबडीचं मटण उकडू लागली. आमची मांजरंसुद्धा ते हुंगून निघून जायची. मी ते गिळायचो आणि समोर पाटावर बसून ताई म्हणायची, "चाव. हार घालायचाय ना गळ्यात? मग चाव."

हे सगळं निभावलं असतं, पण केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी घरी बोलावून जेवू घालायचं, ही रीत सगळीकडे आहे. आमच्याकडे मुलीनं एकटीनं जायचं नसतं, सोबत भाऊ आणि एक वडीलधारी बाई. वडीलधारी बाई अर्थातच आत्या. आणि आत्याचा नियम असा की केळवणाच्या ताटात काही टाकायचं नाही. ताट उष्टं राहिलं तर मुलीचं सासरी अन्नावाचून अडतं. हा नियम नवरीच्या ताटाला होता तसाच भावाच्या ताटालाही. म्हणजे बघा, एकीकडे रशीदभाई मिठाचा खडा जिभेला लागू देत नव्हते आणि दुसरीकडे आठवड्यातून तीन-तीन वेळा माझ्यापुढे रांगोळी काढलेलं ताट येत होतं. वडे, मटणाचा रस्सा, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, पापड, शेवयांची खीर. आणि वाढणारी बाई पदर खोचून समोर उभी, "एवढा पैलवान गडी आन दोनच वडे?"

पहिल्या केळवणाला मी रडकुंडीला आलो. नाही म्हटलं तर यजमानीण दुखावणार, उष्टं टाकलं तर आत्या सोडणार नाही, खाल्लं तर काटा. मी नुसताच भात चिवडत बसलो होतो. ताई माझ्या डाव्या बाजूला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग यजमानणीला गोड आवाजात म्हणाली, "काकू, जरा भात आणता का?" काकू आत वळली. आत्या पानात मान घालून रस्सा भुरकत होती, आणि जेवताना तिला आजूबाजूचं दिसत नसे. तेवढ्यात माझ्या ताटातलं मटण ताईच्या ताटात गेलं. मी पाहतच राहिलो. काकू भात घेऊन आली तेव्हा ताई शांतपणे जेवत होती. मग तिनं आणखी रस्सा मागितला, आणि माझे वडे गेले.

त्यानंतर प्रत्येक घरी तेच. ताईला डावीकडची जागा लागायची आणि "जरा भात आणता का?" हे ऐकलं की मी ताट थोडं तिच्याकडे सरकवायचो. मी घरून उकडलेली अंडी खाऊन निघायचो, केळवणात वरवरचे घास घ्यायचो. माझं पोट सपाट होत गेलं, त्यावरचे कप्पे उमटू लागले आणि ताईचे गाल भरू लागले. लग्नाची पोलकी शिवायला टाकली होती, ती आल्यावर तिला होईनात. शिंप्यानं उसवून दिली, पुन्हा होईनात. आत्या खूश. "केळवणं अंगी लागली गं बाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी ताईला म्हटलं, पुरे आता, तुला त्रास होतोय. ती म्हणाली, "मला कुठं साठ किलोत बसायचंय?" आजही कुणी बहिणीच्या मायेबद्दल काही बोललं की मला पहिल्यांदा तिच्या ताटाच्या कडेला साचणारी हाडं आठवतात.

शेवटचं केळवण भिवपुरीला होतं, स्पर्धेत माझं वजन होणार त्याच्या आदल्या दिवशी. बाबांचे चुलतभाऊ तिथल्या वीजकेंद्रात कामाला होते आणि कॉलनीत राहायचे. त्यांची बायको, भिवपुरीची काकू, ही ताईच्या होणाऱ्या नवऱ्याची सख्खी मावशी. सोयरीक तिनंच जमवलेली. त्यामुळे या घरी जेवण म्हणजे निम्मं सासरीच जेवण. शेजारच्या दोन बायकाही नवरी बघायला येऊन बसल्या होत्या. काकूनं जीव ओतून रांधलं होतं. मटण दोन तऱ्हेचं, वडे, वर नारळाच्या दुधातली खीर. ताई दोघांचं जेवत होती. तिसऱ्यांदा भात मागवला तेव्हा तिच्या कपाळावर घाम दिसला. मी हळूच म्हटलं, "राहू दे गं." तिनं मान हलवली, माझी खीरही तिच्या वाटीत गेली, आणि मग ती एकदम उठली आणि तोंडावर पदर धरून मागच्या दारी पळाली.

ती ओकत होती तो आवाज आत सगळ्यांना ऐकू येत होता. काकू तिच्या मागे गेली, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं आणि परत आली. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, जास्त झालं, आता बरं वाटेल. मग काकूनं अगदी हलक्या आवाजात आत्याला विचारलं, "वन्सं, कधीपासून हाय हे?"

आत्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. माझी आत्या कुणापुढे गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नाला आलेली पोरगी, गाल भरलेले, पोलकी होत नाहीत, आणि आता ओकारी. हे उद्या कुंभिवलीला पोचणार. काकू वाईट नव्हती, पण ताई तिच्या बहिणीच्या घरची होणारी सून, विचारणं तिचं कामच होतं. इतकी भीती मला कुठल्या स्पर्धेत वाटली नाही.

मी उठून उभा राहिलो आणि शर्ट काढला. बनियनही काढली. शेजारच्या बाईनं "अगो बाय!" म्हणून डोळ्यांवर पदर घेतला, पण फट ठेवून. रशीदभाईंनी शिकवलं होतं तसा मी श्वास सोडला, हात डोक्यामागे नेले आणि पोट आवळलं. बरगड्या, कप्पे, शिरा, सगळं वर आलं. तशाच अवस्थेत मी म्हणालो, "काकू, हे बघा. महिनाभर केळवणं जेवलेल्या मानसाचं पोट असं असतं का? मी एक घास जेवलेलो नाय. माझं सगळं ताई जेवली. उद्या माझं वजन हाय म्हणून."

मग आत्यानं ताटांकडे पाहिलं. ताईच्या ताटाच्या कडेला हाडांचा हा ढीग, आणि माझ्या ताटात एक हाड नाही. आत्या पुढे सरकली, नीट वाकून तिनं दोन्ही ताटं पाहिली आणि माझ्या उघड्या पाठीत असा एक धपाटा घातला की आवाज कॉलनीत गेला असेल. "मुडद्या! माझ्या पोरीला मारतोस काय खाऊ घालून!" म्हणाली आणि रडायलाच लागली. काकूला आधी हसू आलं. हसता हसता ती खांबाला टेकली. मग एकदम तिचा चेहरा पडला. "म्हंजे मी सकाळपासून रांधलं ते तुला नको झालं व्हय रं?" मग पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "खरं असंल तर बस आता. जेव माझ्यासमोर. मंग मला पटंल."

ताई मागच्या दारातून आत आली होती. ओल्या तोंडानंच ती पुढे झाली. "काकू नको, तुमच्या पाया पडते. उद्या काट्यावर उभं राहायचंय त्याला." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता. काकूला पटलं तर होतं, हे मला दिसत होतं. पण थोडंसं राहिलं होतं, आणि ते थोडंसंच कुंभिवलीपर्यंत चालत गेलं असतं. मी शर्ट न घालताच पाटावर बसलो आणि म्हणालो, "वाढा."

खोटं कशाला सांगू, तसं मटण मी पुन्हा कधी खाल्लं नाही. इतक्या दिवसांनी मीठ जिभेला लागलं तर डोळ्यांतून पाणी आलं. काकू वाढत होती आणि मी जेवत होतो. समोर भिंतीला टेकून ताई रडत होती, आणि मी मध्येच म्हणालो, "काकू, जरा भात आणता का?" तेव्हा ती रडता रडता फस्सकन हसली. ताट मी बोटानं पुसून काढलं.

दुसऱ्या दिवशी कुंभिवलीला काटा साठच्या पुढे गेला. खाल्लेल्या मिठानं पाणी धरलं होतं, आणि ते घालवायला रशीदभाईंनी मला रेनकोट घालून हायवेच्या कडेनं पळवलं, ट्रकवाले हॉर्न मारून हसत होते, तरी काटा ढिम्म. मला वरच्या गटात घातलं. स्टेजवर भोपळ्यांच्या राशीत पडवळ ठेवावं तसा मी उभा. पोटावरचे कप्पे सुजेत बुडालेले. पण माझं नाव पुकारलं तेव्हा एक गोष्ट झाली. बाजूला बायकांचा एक घोळका बसला होता. शरीराच्या स्पर्धेला तिथं कधी बायका येत नसत. त्यातून एक खणखणीत आवाज आला, "तोच तो! आमच्या सुनंदेचा भाऊ! बहिणीसाठी जेवला तो!" ती ताईची सासू होती. भिवपुरीची बातमी रातोरात पोचली होती, आणि जशी पोचायला हवी तशीच. टाळ्या इतक्या झाल्या की पंचांनी मान वर करून पाहिलं. पहिल्याच फेरीत त्यांनी मला खाली उतरवलं, ते बरोबरच होतं.

रशीदभाई टॉवेल देत म्हणाले, "काल दुपारचं शरीर आज असतं ना येशा, तर पैला होतास." मी म्हणालो, "भाई, ते काल दाखवून झालं." त्यांना सगळा प्रकार सांगितला तेव्हा म्हणाले, "चल, वडापाव खाऊ," आणि मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या.

हार मिळाला नाही, पण ताईच्या सासूनं तिला कधी वर तोंड करून काही म्हटलं नाही. लग्नात कान पिळायला गेलो तेव्हा भावोजी घाबरून म्हणाले, "हळू रं बाबा, तू वरच्या गटातला." पुढे मी दोन-चार स्पर्धा केल्या, साठमध्ये एकदा तिसराही आलो. तो कप पोटमाळ्यावर कुठेतरी आहे.

गेल्या महिन्यात आमच्या नातीचं केळवण होतं. मला रक्तदाब, डॉक्टरांनी पापड-लोणचं बंद केलेलं. ताईला साखर, तिला गोड बंद. दोघांची मुलं समोर पहारा करत बसलेली. ताई येऊन माझ्या डाव्या बाजूला बसली, गुडघे धरत, हुश्श करत. वाढणाऱ्या मुलीला म्हणाली, "बाळा, जरा भात आणतेस का?" माझा पापड गेला, तिची जिलेबी आली. आत्याला जाऊन वीस वर्षं झाली, तरी आम्ही दोघांनी आधी पंगतीतल्या तिच्या जागेकडे बघून घेतलं.